बिनसाखरेचे साठ चमचे

या आजाराच्या नावापासूनच घोळ आहे. मधुमेह. लघवी मधासारखी गोड होते हे आपल्या जुन्या वैद्यांनी ओळखलं आणि त्यावरून नाव ठेवलं. निरीक्षण एकदम बरोबर. पण त्यामुळे आजतागायत सगळ्यांना वाटतं की हा गोडाचा आजार आहे. बोलताना तर आपण सरळ 'शुगर'च म्हणतो. "ह्यांना शुगर आहे हो" असं म्हटलं की यजमानीणबाई लगेच चहा बिनसाखरेचा करतात आणि त्याची भरपाई म्हणून पोह्यांची बशी शिगोशीग भरून आणतात. वर "घ्या हो, ह्यात कुठे काय गोड आहे!"

तर आज त्या बशीबद्दल.

शास्त्रीय मराठीत 'कर्बोदके' असा एक शब्द आहे. नववीच्या विज्ञानाच्या पेपरानंतर तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे पुढे सगळीकडे कार्ब्ज. आणि एक सूचना आधीच देऊन ठेवतो: मी डॉक्टर नाही, संगणकावरचा हमाल आहे. खाली जे आकडे येतील त्यातले पदार्थांचे आकडे सगळ्यांना साधारण सारखे. पण दिवसाला किती, हा आकडा माझा आहे. तुमचा तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा.

बाबांना २००४ साली मधुमेह निघाला. तेव्हा त्यांना एका दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला होता. डाव्या बाजूला 'बंद': साखर, गूळ, मिठाई, बटाटा, आंबा, केळं. उजव्या बाजूला 'चालेल': भाकरी, पोळी, डाळी, भाज्या, मारी बिस्किट. बाबा सरकारी नोकरीत होते. छापील कागदाचा त्यांच्याइतका मान राखणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो कागद फ्रिजवर चिकटवला गेला आणि त्या दिवसापासून बाबांनी डाव्या बाजूच्या एकाही पदार्थाला हात लावला नाही. माझ्या लग्नातली जिलबी त्यांनी फक्त लोकांना वाढली. गणपतीत मोदक हातात धरून, कपाळाला लावून, आईच्या ताटात ठेवायचे. सतरा वर्षं!

२०२१ मध्ये त्यांच्या चपलेचा एक खिळा वर आला. तो तळव्यात टोचत होता हे त्यांना दोन दिवस कळलंच नाही, कारण पायाची संवेदना गेलेली होती. जखम चिघळली, आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जन तपासायला आले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "डॉक्टर, मी सतरा वर्षं गोडाला शिवलोसुद्धा नाहीये हो." तक्रारीचा सूर नव्हता. परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर लिहून नापास झालेल्या मुलासारखं विचारत होते.

नंतर मी बाबांच्या नेहमीच्या दिवसाची बेरीज मांडली. सकाळी पोहे, साधारण ६० ग्रॅम कोरडे. त्यातून कांदाबिंदा धरून ५० ग्रॅम कार्ब्ज. दोन वेळचा बिनसाखरेचा चहा, त्यातल्या दुधाचे १०. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, एकेकीत चाळीसेक, म्हणजे ८०. वाटीभर आमटी १५, वाटीभर भात २८. चहाबरोबर चार मारी बिस्किटं, १६. रात्री तीन पोळ्या ६०, पुन्हा आमटी १५, पुन्हा भात २८. झाले ३०२ ग्रॅम. चहाच्या चमच्यात पाचेक ग्रॅम साखर मावते, म्हणजे जवळपास साठ चमचे. आणि सोडलं काय होतं? दोन वेळच्या चहातली दोन-दोन चमचे साखर. वीस ग्रॅम.

आता कुणी म्हणेल, अरे भाकरी आणि साखर एक कशी? वेगानं एक नाहीच. पण मुक्काम एकच. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब माळ. तोंडातल्या लाळेपासून ती सुटायला लागते, लहान आतड्यात पूर्ण सुटते आणि ग्लुकोज रक्तात. उलट घरातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. म्हणजे ग्रॅमला ग्रॅम धरलं तर भातातून निघणारं ग्लुकोज साखरेपेक्षा जास्तच भरतं! भाकरीत तंतुमय भाग असतो, सोबत भाजी-आमटी असते, त्यामुळे ते हळू येतं. पण येतं. आणि ज्याचं इन्सुलिन कमी पडतंय किंवा नीट लागू होत नाहीये, त्याच्या रक्तात ते साठून राहतं, आणि वर्षानुवर्षं डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या आणि पायांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करतं. हापिसच्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक. सिस्टीम चालू असते, कुणाची तक्रार नसते, आणि एक दिवस...

त्या छापील कागदाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. कागदावर प्रत्येक पदार्थापुढे 'बंद' किंवा 'चालेल' असा बूलियन होता. तिथे आकडा हवा होता. 'चालेल' म्हटल्यावर माणूस विचारतो का, किती चालेल? आपल्याकडे पथ्य म्हणजे पाळायची गोष्ट. ती पाळली की पुण्य, मोडली की पाप. त्यात मोजण्याला जागाच नाही. बाबांनी पथ्य शंभर टक्के पाळलं. हिशोब त्यांना कुणी दिलाच नव्हता.

बाबांच्या ऑपरेशननंतर सातेक महिन्यांनी, २०२२ मध्ये, कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी एचबीएवनसी ८.१ आली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलं ते ही चाचणी सांगते. म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी. साडेसहा किंवा वर गेलं की मधुमेह.) वय ३६, वजन ६८, पोट म्हणावं असं पोट नाही. मित्रमंडळी म्हणाली, तुला कसा काय रे?

याचं उत्तर आमच्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय बरेचदा बारीक दिसतो, पण आतून बारीक नसतो. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता. यातले कितीतरी जण आरशात अगदी ठणठणीत दिसत असणार.

माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला नाही. त्यांनी एक आकडा दिला: दिवसाला १६० ग्रॅम. नाश्ता ४०, दुपारचं जेवण ५०, रात्रीचं ४५, आणि मधल्या चहा-चघळण्याला २५. म्हणाल्या, "काय खायचं ते तुम्ही ठरवा. वेळेचं बजेट वेळेलाच वापरा, सगळं रात्रीवर ढकलू नका." मला एकदम हायसं वाटलं. बजेट, कोटा, रेट लिमिट ह्या आपल्या ओळखीच्या गोष्टी. त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल काटा मागवला.

तो काटा पाहून आई म्हणाली, "आता काय पीठ सोनारासारखं तोलायचं का?" आईचा राग वजनावर नव्हता. मोजून वाढणं म्हणजे हात आखडता घेणं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं आहे. पोळी किती खाल्ली हे विचारायचं नसतं, मोजायचं तर नसतंच. मी म्हटलं, "आई, तू फक्त एकदा गोळे काट्यावर ठेवून बघ." पहिल्या दिवशी गोळे निघाले ४४, ३८, ५१ ग्रॅम कणकेचे. पोळीत पीठ तीसेक ग्रॅम असेल तर कार्ब्ज २० धरता येतात, म्हणजे भिजवलेल्या कणकेचा गोळा साधारण ४५ चा व्हायला हवा. चौथ्या दिवशी आईनं काटा बाजूला सारला आणि नुसत्या हातानं बारा गोळे तोडले. मी हळूच सगळे तोलून पाहिले. सगळे ४४ ते ४७ च्या मध्ये! आमच्या हापिसात इतका अचूक अंदाज बांधणारा एकही मॅनेजर नाही. :)

त्यानंतर घरातलं सगळंच एकदा तोलून झालं. आमटीची वाटी, भाताची वाटी, पोह्यांचं माप. महिन्याभरात काटा लागेनासा झाला. हे सांगायचं कारण असं, की मोजायचं म्हटलं की लोकांना वाटतं आता जन्मभर काटा घेऊन फिरायचं. तसं नाही. एकदा आपल्या घरातल्या वाट्या आणि आपल्या घरातले हात माहीत झाले की बेरीज तोंडी होते. आमच्या आजीच्या वेळी वाण्याचा महिन्याचा हिशोब तोंडी व्हायचाच की.

आता 'चालेल'वाल्या काही मंडळींची नावं घेऊनच टाकतो, कारण यांच्यावरून हापिसच्या कॅन्टीनमध्ये रोज वाद होतो.

गूळ. "साखर नको, गूळ चालतो, नैसर्गिक आहे." नैसर्गिक आहेच. आणि त्यात बहुतांश साखरच आहे. मधाचंही तेच.

नाचणी. चांगलं धान्य आहे, कॅल्शियम भरपूर. पण शंभर ग्रॅममध्ये कार्ब्ज जवळपास गव्हाइतकेच. त्यातही भाकरी वेगळी आणि सत्त्वाची पातळ खीर वेगळी. धान्य जितकं बारीक दळलेलं आणि जितकं मऊ शिजवलेलं, तितकं ते लवकर रक्तात उतरतं.

'शुगर फ्री' खजूर-अंजीर बर्फी. वरून साखर घातलेली नाही हे खरं. पण खजुराचा पाऊण भाग साखरच असतो. दिवाळीत हिचे चार तुकडे निर्धास्तपणे खाणारे लोक मला माहीत आहेत.

आणि याच्या उलट बाजूला, डाव्या रकान्यातले काही बिचारे उगाच बदनाम झालेत. एका लहान केळ्यात वीसेक ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे एका पोळीइतके. हापूसच्या शंभर ग्रॅम गरात पंधराच्या आसपास. त्यामुळे मे महिन्यात मी दुपारची एक पोळी कमी करून अर्धा-पाऊण आंबा खातो. आमरसाची वाटी नव्हे हं, फोडी. बाबांनी सतरा वर्षं आंबा सोडला होता आणि त्याच वेळी वाटीभर भात दोन्ही वेळा चालू होता, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

पण म्हणून कार्ब्ज जितके कमी तितकं चांगलं, असंही समजू नका. त्यासाठी आमच्याकडची संकष्टी सांगतो.

बाबांची संकष्टी गेली चाळीस वर्षं चुकलेली नाही. दिवसभर निर्जळ नाही, पण चहा-पाण्यावर, आणि चंद्रोदयानंतर जेवण. त्यांना सकाळी ग्लिमेपिराइड नावाची गोळी होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्या दिवशी चंद्रोदय नऊच्या पुढे होता. सातच्या सुमाराला बाबा सोफ्यावर बसल्या बसल्या घामानं भिजले, हात थरथरायला लागले, आणि टीव्ही बंद कर म्हणायच्या ऐवजी काहीतरी भलतंच बोलायला लागले. ग्लुकोमीटर लावला तर ५४. सत्तरच्या खाली गेलं की नियम सोपा आहे: पंधरा ग्रॅम पटकन लागू होणारी साखर द्यायची, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. (माणूस शुद्धीवर असेल तरच. नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.) बाबा पेला तोंडाला लावेनात. "आज संकष्टी आहे... आणि साखर बंद आहे." ५४ वर असतानासुद्धा! शेवटी आई म्हणाली, "अहो, औषध आहे ते, प्या." मग प्यायले. पंधरा मिनिटांनी ८२.

गोष्ट इथे संपत नाही. साडेनऊला चंद्र दिसला, आरती झाली, आणि बाबा उपास सोडायला बसले ते साबुदाण्याच्या खिचडीनं. (हो, आमच्याकडे संकष्टीला रात्रीसुद्धा खिचडी असायची. घराघरातली पद्धत.) साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये सत्त्याऐंशी ग्रॅम कार्ब्ज. वर त्यात बटाटा. एका मध्यम बशीत सत्तरच्या पुढे सहज जातं. दोन तासांनी मोजलं तर २४३. एकाच संध्याकाळी ५४ आणि २४३, आणि गोडाच्या नावानं दिवसभरात काय गेलं, तर औषध म्हणून घेतलेली ती तीन चमचे पावडर.

पुढच्याच भेटीत डॉक्टरांनी गोळी बदलली आणि उपासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं. हे तुमच्या घरीही कुणाच्या बाबतीत असेल, तर एवढं नक्की करा: उपास करायचाय हे डॉक्टरांना आधी सांगा आणि गोळीचं नाव घेऊन विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असा धोका सहसा नसतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनवर असतो. बाबांची संकष्टी अजून चालू आहे. दुपारी दही, दाणे, थोडी राजगिऱ्याची भाकरी, आणि रात्री साधं जेवण. "गणपतीला चालतंय का?" असं त्यांनी आमच्या गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "काका, मलाही शुगर आहे, मी पण तेच करतो." मग काय, प्रश्नच मिटला!

इंजिनिअर माणसाला ग्राफ दाखवला की तो सुधारतो, असं माझी बायको म्हणते. दंडावर चौदा दिवस चिकटवायचा सेन्सर मी दोनदा लावला. त्यात सगळ्यात मोठी गंमत कळली ती जेवणाच्या क्रमाची. आपण मराठी माणसं पहिला घास वरणभाताचा घेतो. रिकाम्या पोटी, मऊ भात, पहिल्यांदा. मी तेच ताट, तेवढंच, फक्त उलट क्रमानं खाऊन बघितलं: आधी काकडीची कोशिंबीर, मग मटकीची उसळ, मग पोळी-भाजी आणि शेवटी भात. पहिल्या क्रमात शिखर १९१, दुसऱ्यात १५६. हे माझ्या एकट्याच्या दंडावरचं म्हणून सोडून देऊ नका. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ११ रुग्णांवर असाच एक छोटा प्रयोग २०१५ साली छापला होता आणि त्यांचाही निष्कर्ष हाच: भाज्या आणि प्रथिनं आधी, कार्ब्ज शेवटी, म्हणजे जेवणानंतरची उडी बरीच कमी होते. आणि दुसरी गोष्ट शतपावली. शंभर पावलं नव्हे, पंधरा मिनिटं. चालताना स्नायू ग्लुकोज ओढून घेतात, ग्राफ डोळ्यांदेखत खाली येतो. आजोबा सांगायचे तेव्हा त्यांच्याकडे सेन्सर नव्हता इतकंच.

नाश्त्याचंही तसंच. चाळीस ग्रॅमच्या बजेटात पोहे बसतात, पण बशी निम्मी होते. त्या निम्म्या बशीवर पोट भरत नाही. म्हणून आई आता पोह्यांत मूठभर मोड आलेले मूग आणि दाणे घालते आणि बाजूला एक उकडलेलं अंडं. (ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.)

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, हा वाद २०१८ च्या आसपास महाराष्ट्रात दीक्षित विरुद्ध दिवेकर असा रंगला होता. घराघरात तट पडले होते, आमच्याकडेही. मी त्यात पडत नाही. कितीदाही जेवा, दिवसाची बेरीज विसरू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता खरी कठीण गोष्ट. माणसं.

हापिसात वाढदिवस, रिलीज, निरोप समारंभ, सगळ्याला केक. "अरे एका दिवसानं काय होतंय!" यातला 'एक दिवस' सोमवारी एकाचा असतो, बुधवारी दुसऱ्याचा आणि शुक्रवारी क्लायंटचा. पूर्वी मधुमेही माणूस 'मला नको, शुगर आहे' म्हणायचा आणि सगळ्यांचे चेहरे पडायचे. मी आता तसं म्हणत नाही. केकचा दोन घासांचा तुकडा घेतो, पंधरा ग्रॅम धरतो आणि चारचं बिस्किट सोडतो. कुणाला कळतही नाही. गणपतीत दोन उकडीचे मोदक म्हणजे पन्नासेक ग्रॅम. त्या दिवशी माझ्या ताटात पोळी आणि भात नसतो. वरण, भाज्या, कोशिंबीर आणि दोन मोदक, वर तूप. काकू म्हणते, "अगं, हा तर भात पण खात नाही." पण मोदक खाल्ले म्हणून ती खूष असते.

हे सगळं फार सोपं आहे असं मी भासवणार नाही. रोज, प्रत्येक घासाला डोक्यात एक बेरीज चालू ठेवणं कंटाळवाणं आहे. शेजारचा मित्र दोन वडापाव हाणतो आणि त्याला काहीच मोजायचं नसतं, तेव्हा चिडचिड होते. (एका वडापावात चाळीसेक ग्रॅम. बघा, सवयच लागलीये.) महिन्यातून दोन-तीन दिवस मी ठरवून मोजत नाही. त्या दिवशी जास्त चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लागतो. आमच्या बाईंना हे माहीत आहे आणि त्या हसतात.

चिडचिड झाली की मी एक जुना अभ्यास आठवतो. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा वीस वर्षांचा अभ्यास झाला, निकाल आले १९९८ साली. एका गटाची एचबीएवनसी सरासरी ७.९ राहिली आणि काटेकोर उपचार केलेल्या गटाची ७.०. फरक फक्त ०.९ चा. पण तेवढ्यानं डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासाचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे सगळं परिपूर्ण व्हायची गरज नाही. थोडासा फरक, पण वर्षानुवर्षं. माझी ८.१ ची आता ६.६ आहे, गोळी सुरू असताना. बाबांची ९.४ होती, ती ७.३ वर आलीये. करंगळी काही परत येणार नाही. पण रोज रात्री आई त्यांच्या तळव्यांना आरसा दाखवून कुठे जखम नाही ना ते पाहते, आणि गेल्या तीन वर्षांत काही निघालेलं नाही.

गेल्या होळीला बाबांना आईनं विचारलं, "पुरणपोळी?" बाबांनी फ्रिजकडे पाहिलं. कागद मी कधीच काढून टाकलाय, पण नजर तिथेच गेली. मग म्हणाले, "अर्धी म्हणजे किती होते रे?" म्हटलं, तेवीस-चोवीस धरा. त्यांनी मनात काहीतरी बेरीज केली आणि म्हणाले, "मग भात नको वाढूस." आणि अर्धी पुरणपोळी तूप घालून, अजिबात घाई न करता, वीस मिनिटं खाल्ली. आईनं उगाचच दोनदा कढई घासली.

असो. उद्या रविवार, घरी मटण आहे. मटणात कार्ब्ज जवळपास शून्य, रश्श्यातल्या कांदा-खोबऱ्याचे आठ-दहा धरा. म्हणजे दुपारच्या पन्नासात चाळीस शिल्लक राहतात. त्यात एक बाजरीची भाकरी घ्यायची की दोन पोळ्या, यावर आमच्याकडे सकाळपासून चर्चा चालू आहे. बाबांचं मत भाकरीला आहे.